पट्टीताईने सही केली नाही

आमच्या बास्केटबॉल संघाची बस मी एकवीस वर्षं चालवली. त्यातल्या वीस वर्षांबद्दल मला कोणी काही विचारत नाही. विचारतात ते एकाच हंगामाबद्दल, आणि त्यातही खेळाबद्दल नाही, पट्टीताईबद्दल. "तिनंच हरवलं ना तुम्हाला?" असं तोंडावर विचारतात. त्या दिवशी मी त्या खोलीत होतो. तेव्हा काय झालं ते एकदा नीट सांगून टाकतो.

पट्टीताई म्हणजे आमच्या संघाच्या घोट्यांची मालकीण. वय त्रेपन्न, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक तिरक्या छताची खोली होती, तिथं तिचं राज्य. साडेसहा फुटांचे गडी मान वाकवून आत यायचे, टेबलावर पाय लांब करून बसायचे आणि शाळेतल्या पोरांसारखे गप्प राहायचे. आधी फोमची पातळ गुंडाळी, मग पांढरी चिकटपट्टी, टाचेखालून, घोट्यावरून, पुन्हा टाचेखालून. पट्टी ती बोटांनीच फाडायची. एका घोट्याला दोन मिनिटं. सामन्याआधी मी सामानाच्या पेट्या आत आणून ठेवायचो आणि त्यातल्याच एका पेटीवर बसून चहा प्यायचो. ती मला 'सारथी' म्हणायची. "सारथी, पाय आत घ्या, कुणीतरी अडखळून पडेल आणि मलाच बांधावं लागेल."

क्लबात येण्याआधी अठरा वर्षं ती एका हॉस्पिटलात प्लॅस्टरच्या खोलीत होती. तिथली एक गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली. एक रंगारी शिडीवरून पडून आला होता. डॉक्टर म्हणाले, पाऊल मुरगळलंय, पट्टी बांधून घरी सोडा. तिच्या हाताला ते मुरगळल्यासारखं लागत नव्हतं. पण डॉक्टर मोठे, ती नवीन. गप्प राहिली, पट्टी बांधली. सहा महिन्यांनी तो माणूस काठी टेकत आला, दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला. तिला ओळखून म्हणाला, "बाई, तुम्ही फार हळुवार बांधलं होतं हो." शिडीवर चढणं त्याचं कायमचं बंद झालं होतं. "त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ताई म्हणाली आणि दुसरा घोटा बांधायला घेतला.

आता त्या हंगामाचं. आदल्या वर्षी आम्ही बारा संघांत अकरावे आलो होतो. या वर्षी पहिले पाच सामने ओळीनं हरलो. स्थानिक पेपरानं वार्ताहर पाठवणं बंद केलं. परतीच्या प्रवासात बसमध्ये इतकी शांतता असायची की मला मागच्या चाकाचा आवाज ऐकू यायचा. सहाव्या सामन्याला कोचनं खालच्या लीगमधून आणलेल्या एका पोरसवदा खेळाडूला सुरुवातीपासून उतरवलं. चोवीस वर्षांचा, आमच्यातला सगळ्यात बुटका. चेंडू घेऊन असा गर्रकन फिरायचा की समोरचा माणूस भलत्याच दिशेला धावत सुटायचा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव पडलं भिंगरी.

भिंगरी आला आणि संघाच्या अंगात वारं शिरलं. त्याच्या आधी त्या जागी खेळायचा तो छत्तीस वर्षांचा खेळाडू, ज्याला पोरं 'आजोबा' म्हणायची. आजोबानं तोंड वाकडं न करता बाक धरला आणि उलट भिंगरीला बारकावे शिकवायला लागला. एकामागून एक सामने जिंकत आम्ही सातवे आलो. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. अकरा वर्षांनी आम्ही बाद फेरीत पोचलो होतो. शेवटच्या साखळी सामन्यानंतर लोक बससमोर नाचत होते आणि मला बस बाहेर काढायला पाऊण तास लागला.

पण त्याच सामन्यात, दोन मिनिटं उरलेली असताना, भिंगरी उडी मारून खाली आला तो दुसऱ्याच्या बुटावर. लंगडत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही हात हलवला. ताईनं मात्र त्याचा डावा बूट काढताना मान हलवली. तीन आठवडे तिच्या डोळ्यांत एक गोष्ट खुपत होती, हा डावा बूट सैल बांधतो. विचारलं की हसण्यावारी न्यायचा.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. त्यात काही नव्हतं. क्लबचे डॉक्टर म्हणाले, घोटा मुरगळलाय, आठवड्यात पळायला लागेल. ताई म्हणाली, "डॉक्टर, त्याचा घोटा दुखत नाहीये. पाऊल दुखतंय." आणि तिनं पावलाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या टोकाशी, अंगठा टेकवला. भिंगरीनं टेबलाची कड घट्ट धरली. "इथलं हाड एक्स-रेत लवकर बोलत नाही. मोठा स्कॅन करा." स्कॅनची तारीख मिळाली ती दोन आठवड्यांनंतरची. बाद फेरी त्याआधीच सुरू होत होती.

तीन सामन्यांतले दोन जिंकायचे. समोर साखळीत दुसरा आलेला संघ. पहिला सामना त्यांच्याकडे होता. भिंगरीला तेव्हा पाऊल टेकवत नव्हतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. एकोणीस गुणांनी हरलो. दुसरा सामना रविवारी, आमच्या घरच्या मैदानावर, संध्याकाळी पाचला. शनिवारच्या पेपरात आमच्या मॅनेजरनं ठणकावून सांगितलं होतं, भिंगरी खेळणार. तिकीट खिडकीसमोरची रांग कोपऱ्यावरून वळून बँकेपर्यंत गेली होती.

रविवारी साडेतीनला मी माझ्या पेटीवर बसलो होतो. आठ घोटे बांधून झाले होते. दार उघडून भिंगरी आत आला, मागून मॅनेजर, त्यांच्या मागून कोच. मॅनेजरच्या हातात एक कागद होता. आमच्या लीगचा नियम असा की जखमी खेळाडूला परत उतरवायचं तर तंदुरुस्तीच्या फॉर्मवर दोन सह्या लागतात. एक डॉक्टरची, दुसरी संघाच्या फिजिओची, म्हणजे ताईची. डॉक्टरची सही झालेली होती.

"इथं सही करा ताई, आणि याला बांधून द्या. छान घट्ट," मॅनेजर म्हणाले.

ताईनं हात पुसले. "आधी उतर खाली," ती भिंगरीला म्हणाली. "डाव्या पायावर दहा उड्या मार. जागच्या जागी."

भिंगरीनं उड्या मारायला सुरुवात केली. तीन, चार, पाच. सातव्या उडीला ओठ पांढरे पडले. आठवी, नववी. पण गडी हट्टाचा, दहा पूर्ण केल्या.

"झालं? मारल्या दहा," मॅनेजर म्हणाले.

"तुम्ही उड्या मोजत होतात. मी तोंड बघत होते," ताई म्हणाली. "सही नाही करणार मी."

मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा जरा."

"राहू दे त्यांना," ताई म्हणाली. "मी काही लपवून बोलत नाहीये."

"अहो, डॉक्टरांनी सही केलीय. तुम्ही डॉक्टरांपेक्षा मोठ्या झालात का?"

"नाही. म्हणून तर त्यांची सही वर आहे आणि माझी जागा खाली. पण खालच्या जागी माझं नाव छापलंय साहेब, रबरी शिक्का नाही."

"बाहेर चार हजार माणसं आलीत!"

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

मॅनेजरचं तोंड लाल झालं. तेवढ्यात भिंगरीनं जे केलं ते मला बघवलं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला. एवढा खेळाडू, पण आवाज रडवेला. "ताई, मोठ्या क्लबची माणसं आलीत मला बघायला. आज खेळलो तर माझं सगळं बदलेल. पाय माझा आहे ना? मग मी सांगतो, बांधा."

ताईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की गोड बोलली नाही. "पाय तुझा आहे," ती म्हणाली, "सही माझी आहे. ती मी देणार नाही. तू आयुष्यभर माझ्यावर राग धर, चालेल."

मॅनेजरनं कोचकडे पाहिलं. कोच हा कमी बोलणारा माणूस. अख्ख्या हंगामात मी त्याच्या तोंडून शंभर वाक्यं ऐकली असतील की नाही, शंका आहे. तो एवढंच म्हणाला, "आजोबाला पाठवा आत. त्याचे दोन्ही घोटे बांधायचेत."

पाचला दहा मिनिटं कमी असताना क्लबनं जाहीर केलं की 'फिजिओने सही नाकारल्यामुळे' भिंगरी खेळणार नाही. तिचं नाव घेतलं नव्हतं, पण गावात फिजिओ दुसरी होती कुठं? सगळ्यांच्या हातात फोन. बातमी पायऱ्यांवरून पेटत गेली. आधी शिट्ट्या झाल्या, मग एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि बघता बघता अख्खं सभागृह ओरडायला लागलं, "सही कर! सही कर!" वर पाय आपटले जात होते आणि खोलीच्या छताचे पोपडे आमच्या अंगावर पडत होते.

मी म्हटलं, "ताई, मी बस मागच्या दाराला लावतो. तुम्ही घरी जा."

"का? मी काय चोरी केलीय?" तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "माझी जागा बाकाच्या टोकाला आहे. तिथं बसणार."

आणि गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. चार हजार माणसं एका बाईवर ओरडत होती आणि ती बाई बाकाच्या टोकाला बसून बर्फाच्या पिशव्या मोजून लावत होती. मागून कुणीतरी कागदी पेला फेकला. तिनं तो उचलला, चुरगळला आणि उठून कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. एवढं अंतर ती मुद्दाम सावकाश चालली, सगळ्यांना दिसेल अशी.

सामना मात्र असा झाला की अजून मला मिनिट न मिनिट आठवतो. आजोबानं ठाण मांडलं. ज्या माणसाला भिंगरी आल्यापासून साखळीत दहा मिनिटांच्या वर खेळवलं नव्हतं, तो अडतीस मिनिटं मैदानात राहिला. पळता येत नव्हतं तिथं डोकं चालवलं. समोरच्यांच्या अंगावर पडला, उठला, पुन्हा पडला. मध्यंतराला त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. ताई गुडघ्यांवर बसून पोटऱ्या चोळत होती आणि तो जमिनीवर आडवा पडून म्हणत होता, "ताई, माझ्याही फॉर्मवर सही करू नका हो, झोप काढतो." तशा अवस्थेतही ती हसली. "ऊठ म्हाताऱ्या. तुझी हाडं मला तोंडपाठ आहेत."

तिसऱ्या सत्रात आम्ही सहा गुणांनी पुढे गेलो. 'सही कर' म्हणणारे तेव्हा स्वतःचे गळे फाडून आमच्यासाठी ओरडत होते. शेवटचे अकरा सेकंद उरले तेव्हा ऐंशी-अठ्ठ्याहत्तर, आम्ही दोननं मागे, चेंडू आमच्याकडे. आजोबानं एकाला चकवलं, दुसऱ्याच्या हाताखालून शॉट घेतला. चेंडू कड्यावर बसला, दोनदा हलला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. हंगाम संपला.

भिंगरी साध्या कपड्यांत बाकावर बसला होता. जाता जाता ताईसमोर थांबला. "माझा हंगाम खाल्लात तुम्ही," म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली, नजर खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मॅनेजरनं पराभवाचं खापर तिच्यावर फोडलं होतं, तरी सकाळी ती नेहमीसारखी भाजी आणायला गेली. तिच्या नवऱ्यानं अडवून पाहिलं होतं. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला शांत माणूस. म्हणाला, "आजचा दिवस मी जातो." "का, भाजी महागलीय का?" असं म्हणून ती निघालीच. भाजीवाल्यानं तोंड फिरवलं आणि म्हणाला, "काय ताई, हरवलंत आम्हाला." ताईनं टोमॅटो निवडत उत्तर दिलं, "मी एकही शॉट चुकवला नाही हो. पण माझं नाव घेऊन बरं वाटत असेल तर खुशाल घ्या. हे दोन मऊ निघालेत, बदला."

गुरुवारी क्लबच्या ऑफिसात तिला बोलावलं. टेबलापलीकडे अध्यक्ष, मॅनेजर, डॉक्टर; कडेला कोच. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, साक्षीला लागलो तर. दार अर्धवट उघडं होतं. मॅनेजरनं टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की माझ्या अधिकाराबाहेर जाऊन मी निर्णय घेतला, त्यामुळे संघाचं नुकसान झालं, मला खेद आहे.

ताईनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "पेन आहे?" तिनं विचारलं. मॅनेजरचा जीव भांड्यात पडला, त्यांनी स्वतःचं पेन दिलं. तिनं टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली, खाली आपल्या गोल अक्षरात तीन वाक्यं लिहिली, सही केली आणि कागद परत सरकवला. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं: "मी सही नाकारली. ते माझं काम होतं. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा नाकारीन."

"याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" अध्यक्ष म्हणाले.

"मीच लिहिलंय साहेब."

तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. कोच उभा राहिला. म्हणाला, "मग माझ्या जागीही दुसरा कोच शोधा," आणि बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला समजावून परत आणलं, पण ताईचा निर्णय काही बदलला नाही. मी तिला बसनं घरी सोडलं. पन्नास जणांची बस, आत एकटी ती. नवरा दारातच होता. सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे आता तू दिवसभर घरी?" "हो." "मग मला बहिणीकडे जाऊन राहावं लागेल," तो म्हणाला. त्यावर ती उंबऱ्यातच बसून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आठवड्यात पहिल्यांदाच.

पुढच्या मंगळवारी स्कॅन झाला. संध्याकाळी डॉक्टर स्वतः फिल्म घेऊन तिच्या घरी आले. हे तिनं मला नंतर सांगितलं. स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर फिल्म धरली. पावलाच्या त्या छोट्या हाडात बारीक रेघ होती, अर्ध्याहून जास्त आत गेलेली. डॉक्टर म्हणाले, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो खेळला असता तर..." ताईनं त्यांना तिथंच तोडलं. "तर-बिर राहू दे डॉक्टर. प्लॅस्टर कधी घालताय?"

त्याच आठवड्यात मॅनेजरचा फोन आला, झालं गेलं विसरू, उद्यापासून या. दुसरं कुणी असतं तर धावत गेलं असतं. ताई म्हणाली, "येते. पण दोन गोष्टी. फिजिओनं नाही म्हटलं की त्यावर चर्चा नाही, हे क्लबच्या नियमांत लेखी घाला. आणि ज्या पेपरातून माझी बदनामी केलीत, त्याच पेपरात खरं काय ते छापा." पहिली अट मान्य व्हायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस ती घरी बसली, पण क्लबात पाऊल टाकलं नाही. दुसरी अटही पुरी झाली, आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली, चार ओळी. तिनं त्या वाचल्या आणि म्हणाली, "चला, निदान शुद्धलेखन तरी बरोबर आहे."

भिंगरीचं मात्र सगळं गोड झालं नाही. मोठ्या क्लबनं दुसरा खेळाडू घेतला. भिंगरीला पाच महिने मैदानापासून लांब राहावं लागलं. हाडाची फिल्म त्यानं डोळ्यांनी पाहिली, तरी राग गेला नाही. परत आल्यावर तो तिच्याकडून पट्टी बांधून घ्यायचा, पण 'ताई' म्हणणं सोडलं. 'मॅडम' म्हणायचा. मला ते टोचायचं. तिला म्हटलं तर म्हणाली, "माझ्यावर रागावून तो दोन पायांवर ताठ उभा राहतो ना? मग झालं." पुढच्या हंगामात आम्ही नववे आलो. बाद फेरी नाही, काही नाही.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मी पेटीवर बसून तिला जे इतके दिवस मनात होतं ते विचारलं. म्हटलं, "ताई, आणि समजा स्कॅनमध्ये काहीच निघालं नसतं तर?"

ती पट्टीचं टोक शोधत होती. "तर लोकांनी मला जन्मभर शिव्या घातल्या असत्या."

"आणि तुम्ही?"

"मी काय? त्या दिवशी माझ्या हाताला जे कळलं, त्यावर मी नाही म्हटलं. दहा दिवसांनी फिल्ममध्ये काय निघेल त्यावर नाही." टोक सापडलं, तिनं टर्रकन पट्टी फाडली आणि दाराकडे पाहून हाक मारली, "ए, कोण आहे बाहेर? या आत. आणि सारथी, उठा, चहा झाला असेल तर पेटी रिकामी करा. अजून अकरा जण बाकी आहेत."